डोळा पाहून छाटणी
(सभासदांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



मी बँकेतला कारकून. दिवसभर आकड्यांशी गाठ. भाषणाची सवय नाही; परंतु गच्चीवरच्या माझ्या कुंड्यांविषयी बोला, असा आग्रह झाला म्हणून उभा आहे.

बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत जोपासलेले झाड. ही कला चीनमधून जपानात गेली व तेथे बहरली. १९२३ च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झाले. त्यानंतर तेथील काही बोन्साय-माळ्यांनी ओमिया येथे जागा घेतली आणि १९२५ पासून तेथे बोन्सायचे गावच वसले. मेपल, केयाकी अशी पानझडी झाडे जपानी माळी पिढ्यान् पिढ्या सांभाळतात. त्यांतली 'शोहिन' म्हणतात ती तर जेमतेम वीतभर, साधारण २० सेंटिमीटरपर्यंत.

ह्या झाडांची छाटणी हिवाळा सरता सरता करतात. पाने नसल्यामुळे फांद्यांचा सांगाडा स्पष्ट दिसतो. अन्नाचा साठा खोडात व मुळांत असतो. आणि लगेच वसंत येणार असल्याने जखम भरू लागते. आत वळलेली, दुसरीला घासणारी, सरळ वर धावणारी फांदी काढायची. एकाच ठिकाणी तीन-चार फांद्या फुटल्या असतील तर दोनच ठेवायच्या, नाहीतर तेथे गाठ येते. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर कात्री लावायची. मेपलची जाड फांदी मात्र ह्या दिवसांत कापू नये. चढू लागलेला रस जखमेतून वाहतो. जपानी उमे फुलून गेल्यावरच छाटतात, कारण कळ्या आदल्या वर्षीच्या काडीवर असतात.

हे सारे मी पुस्तकात वाचले आणि फसलो. आमच्या इमारतीच्या भिंतीत पिंपळाची दोन रोपे उगवली होती. ती उपटून टाकणार होते. मी सोडवून आणली आणि एक कुंडीत लावले. 'हिवाळ्यात छाटा' एवढेच लक्षात ठेवून डिसेंबरात कात्री चालवली. पाने हिरवीगार होती. पांढरा चीक वाहिला, झाड तसेच थबकून राहिले आणि दोन फांद्या टोकापासून वाळल्या. पुढे उमगले की, आपल्याकडे बर्फ नाही, तिकडचा हिवाळा नाही. पिंपळ पाने टाकतो तो उन्हे तापू लागल्यावर, आणि लगोलग तांबूस पालवी फुटते. म्हणून तारीख पाहू नये, डोळा पाहावा. डोळा फुगू लागला, पण उघडला नाही, ती वेळ.

आता खरी गोष्ट सांगतो. मी छाटत असता आई जवळ येऊन बसली. म्हणाली, "अरे, हा बोधीचा वृक्ष. ह्याला खुजा कशाला करतोस? वाढणाऱ्याला वाढू द्यावं."

मी समजावले की, हे उपाशी ठेवून लहान केलेले नाही. ह्याला खत देतो, पाणी देतो, दोन-तीन वर्षांनी मुळे छाटून नवी माती घालतो. हेळसांड झाली तर बोन्साय जगतच नाही. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पण त्याला विचारलंस का?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. तिच्या सांगण्यावरून दुसरे रोप मी गावच्या मोकळ्या जमिनीत नेऊन लावले. दोघे एकाच भिंतीतले. एक आज हातभर आहे. दुसऱ्याच्या सावलीत लोक एस. टी.ची वाट पाहतात.

आई आता नाही. दरवर्षी कुंडीतल्या पिंपळाची पाने गळाली की मी कात्री घेऊन बसतो. पूर्वी दहा मिनिटांत उरकायचो, आता सकाळ जाते. प्रत्येक फांदीपाशी थांबतो; ही काढलीच पाहिजे का, असे स्वतःला विचारतो. पुष्कळ वेळा कात्री तशीच खाली ठेवतो.

कुणाला हा छंद घ्यावासा वाटला तर जरूर घ्यावा. फक्त एक विनंती आहे. एक झाड कुंडीत लावाल, तेव्हा एक जमिनीतही लावा.