टपालकचेरीची ओसरी

खेड्यातील टपालकचेरी म्हणजे बहुधा कुणाच्या तरी घराची ओसरी. एक टेबल, वजनकाटा, शिक्के आणि दिवसातून चार-पाच तासांचे काम. एवढ्या नोकरीपायी माणसे न्यायासनापर्यंत जातात, याचे शहरवासीयांस नवल वाटेल.

तंट्याचे मूळ बहुधा निवासाच्या अटीत असते. शाखा डाकपालाने त्याच गावी राहावे व कचेरीस जागा द्यावी, ही अट गैर नव्हे. रोकड ज्याच्या हाती, तो हाकेच्या अंतरावर हवाच. परंतु शेजारच्या गावच्या मुलीस मॅट्रिकला अधिक गुण असता, "तू येथली नव्हेस" एवढ्याच कारणाने तिचा अर्ज बाजूस सारावा काय?

या खातेबाह्य नोकरांचे पद मुलकी सरकारी पदच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ठरविले. वाद तेव्हा नोकरीवरून काढण्याचा होता. तथापि पद सरकारी म्हटले की घटनेचे सोळावे कलम आलेच. आणि केवळ निवासावरून कोणास अपात्र ठरविण्यास ते मनाई करते. म्हणून अर्जाच्या दिवशी गावात राहत असणे निराळे, आणि निवड झाल्यावर तेथे बिऱ्हाड करणे निराळे. दुसरी अट घालता येते. हा भेद कारकुनी वाटतो खरा, पण त्यावर एका घराची चूल अवलंबून असते.

असले तंटे १९८५ च्या कायद्यान्वये केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे जातात. निकालास कधी वर्षे लागतात. तोवर दुसराच उमेदवार त्या ओसरीवर शिक्के मारीत असतो. आणि निवड रद्द झाली, तर काही अपराध नसता त्यालाही उठावे लागते.