छप्पर, पाणी आणि वीज : एकच हिशेब

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि नगरपरिषदांचे अधिकारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



‘नगरांची साधनसंपत्ती आणि पर्यावरणाशी सुसंगत इमारती’ हा आजचा विषय नावाने भारदस्त वाटतो. परंतु तो आपल्या छपरावर, न्हाणीघरात आणि कचरापेटीत रोज हजर असतो. पाणी एका खात्याचे, वीज दुसऱ्याची, कचरा तिसऱ्याचा आणि बांधकामाची परवानगी चौथ्याची, अशी वाटणी आपण सोयीसाठी केली आहे. निसर्गाला ही वाटणी ठाऊक नाही. एका ठिकाणी केलेली उधळपट्टी दुसऱ्या ठिकाणी खर्चाच्या रूपाने उभी राहते. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यातील 45 टक्क्यांहून अधिक लोक नागरी भागात राहत होते. म्हणूनच हा हिशेब एकत्र मांडणे अगत्याचे आहे.

आरंभ पाण्यापासून करू. 2016 च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. तिने 5 लाख लिटर पाणी आणले. संकटकाळी ते पाणी अमृतासमान होते, यात शंका नाही. आता एक साधे गणित पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. 100 चौरस मीटरच्या छपरावर 600 मिलिमीटर पाऊस पडला, तर 60,000 लिटर. पहिल्या सरींचे घाण पाणी आणि इतर तूट वजा जाता 80 टक्के धरले, तरी 48,000 लिटर हाती राहतात. म्हणजे अशी अकरा छपरे एका पावसाळ्यात त्या पहिल्या गाडीहून अधिक पाणी देतात!

कोणी म्हणेल, दुष्काळी वर्षी एवढा पाऊस पडतोच कुठे? आक्षेप रास्त आहे. पाऊस निम्मा झाला, तर अकराऐवजी बावीस छपरे लागतील, इतकेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 48,000 लिटर साठवायचे, तर चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाकी हवी. ती प्रत्येकाला परवडणार नाही. पण पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी 10 लिटर धरले, तर पाच जणांच्या कुटुंबाला 10,000 लिटरची टाकी 200 दिवस पुरते. ऑक्टोबरच्या आरंभी भरलेली टाकी एप्रिलच्या मध्यापर्यंत साथ देईल. उरलेले पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत किंवा विंधन विहिरीत उतरवावे.

आता पाणी आणि वीज यांचे नाते पाहू. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहरासाठी सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने नहर बांधली. उताराचा उपयोग करून जमिनीखालून पाणी शहरात आणणारी ती योजना होती. पुढे याच शहरात पाणचक्की उभी राहिली. डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून तेथे येई, उंचावरून पडताना जाते फिरवी आणि हौदात साठे. त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत. त्यामुळे उन्हाळ्यातही दालन थंड राही. एकाच प्रवाहाने दळण, साठवण आणि गारवा ही तिन्ही कामे साधली. समन्वित नियोजन म्हणतात ते हेच. शहर वाढत गेले तशी नहरींची बरीच मोडतोड झाली, ही खेदाची गोष्ट आहे.

आज याच शहराला सुमारे 50 किलोमीटरवरील जायकवाडीच्या जलाशयातून पंपांनी पाणी उपसून आणावे लागते. 1,000 लिटर पाणी 100 मीटर उंच चढवण्यास, पंपाची तूट धरता, सुमारे 0.4 युनिट वीज लागते. एका घरापुरता हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण शहराला दररोज कोट्यवधी लिटर लागतात. फुटलेल्या नळातून वाहणारे पाणी म्हणजे वाहून गेलेली वीजच होय.

वापरलेले पाणीही टाकाऊ नसते. पुरवठ्याच्या सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. नागपूरमध्ये भांडेवाडी येथे सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची योजना उभारली गेली. त्यामुळे वीज केंद्रासाठी लागणारे तेवढे स्वच्छ पाणी इतर गरजांसाठी मोकळे होते. लहान गावाला एवढी यंत्रणा नको. शाळेच्या हातधुणीचे पाणी परसबागेला वळवले, तरी तत्त्व तेच.

इमारतीचा विचारही याच दृष्टीने व्हावा. दक्षिणेचे ऊन माथ्यावरून येते, म्हणून खिडकीवर छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन तिरपे आत शिरते. तिकडे जिना, कोठार किंवा झाडांची रांग असावी. गच्चीला पांढरा लेप दिला, तर उष्णता कमी शोषली जाते. लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या रचून, मधे पोकळी ठेवून भिंती बांधण्याची पद्धत रूढ केली. तीत विटांची सुमारे पाव हिश्शाने बचत होते आणि पोकळीमुळे घरात उष्णताही कमी येते. केंद्र शासनाने 2007 मध्ये व्यापारी इमारतींसाठी आणि 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी ऊर्जा बचतीच्या संहिता जाहीर केल्या. त्यांचा गाभा याहून फार वेगळा नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. जुने ते सारे उत्तम, असे मानू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे दगावली. ती घरे उन्हाळ्यात थंड होती, पण भूकंपात टिकणारी नव्हती. म्हणून भिंतीत आरपार दगड, कोपऱ्यांत सळ्या आणि छताखाली सलग पट्टा असल्याशिवाय कोणत्याही बांधकामाला पर्यावरणपूरक म्हणू नये. घर माणसासाठी आहे, हे सर्वप्रथम.

राज्यात 2 ऑक्टोबर 2020 रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांचा एकत्र विचार आणि त्यात नगरपालिकांबरोबर ग्रामपंचायतींचाही सहभाग, ही त्यामागील भूमिका आजच्या विषयाशी जुळणारी आहे.

तेव्हा माझी विनंती तीन प्रकारची आहे. अधिकाऱ्यांनी बांधकाम परवान्यातील पाऊसपाण्याची व्यवस्था नकाशावर पाहून थांबू नये. इमारत पूर्ण झाल्यावर पन्हळीपासून टाकीपर्यंत स्वतः तपासावी. शिक्षकांनी शाळेचे छप्पर मुलांकडून मोजून घ्यावे, पर्जन्यमापक ठेवावा आणि वरचे गणित फळ्यावर सोडवून घ्यावे. शहरालगतच्या गावांतील पंचायत सदस्यांवर सर्वांत मोठी जबाबदारी आहे. आज तुमच्या शिवारात भूखंड पडत आहेत. ओढे आणि नाले बुजण्यापूर्वीच त्यांच्या जागा राखून ठेवा. एकदा त्यांवर इमारत उभी राहिली, की पाण्याची वाट पुन्हा मोकळी करणे अतिशय कठीण होते.

पुढच्या पावसाळ्याला अवधी आहे. तोवर आपापल्या कार्यालयाच्या छपराचे क्षेत्रफळ मोजून त्याचा हिशेब दर्शनी फलकावर लिहावा, एवढे काम प्रत्येकाने येथून जाताना अंगावर घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.