मुशीतला पातळ स्फटिक

भंडारा म्हटलं की पितळेची भांडी आठवतात. तांबं आणि जस्त वितळवणारी मूस इथल्या कारागिरांच्या चांगल्या ओळखीची आहे. आज मी ज्या मुशीविषयीं बोलणार आहे, तिच्यांतही तांबं असतं. पण तिच्यांतून घागर निघत नाहीं, निघतात काळ्या, चकचकीत, नखाहून लहान अशा चकत्या.

तांब्याच्या तारेंतून वीज गेली कीं तार तापते, म्हणजे कांहीं वीज वाया जाते. १९११ सालीं हॉलंडमधील कामरलिंग ऑनेस यांना दिसलं कीं पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला म्हणजे हा विरोध साफ नाहींसा होतो. यालाच अतिसंवाहकता म्हणतात. १९८७ सालीं इट्रियम, बेरियम, तांबं आणि प्राणवायू यांच्या संयुगांत ती उणे १८१ अंशांवर आढळली. तेवढ्या थंडीला द्रवरूप नायट्रोजन पुरतो.

पण असा पदार्थ नुसता भाजून केला तर ती गुळाच्या ढेपेसारखी असंख्य कणांची वडी होते. कणाकणांच्या सांध्यांवर वीज अडखळते, आणि दोष पदार्थाचा कीं सांध्याचा हें कळत नाहीं. म्हणून खडीसाखरेसारखा एकसंध स्फटिक हवा.

खडीसाखरेला पाक लागतो; इथं पाकाचं काम बेरियम आणि तांबं यांच्या जादा ऑक्साइडांचा रस करतो. तो सुमारें हजार अंशांवर वितळवून अगदीं सावकाश निववतात. स्फटिक आडवे पसरतात, जाडी मात्र फार थोडी. उरलेला रस गरम असतांनाच निथळून टाकावा लागतो, नाहींतर तो गोठून स्फटिक अडकतात.

आतां अडचण मुशीची. हा रस मूसच खातो! ॲल्युमिनाची मूस घेतली तर तिच्यांतलं ॲल्युमिनियम स्फटिकांत शिरतं आणि त्याचा गुण उतरतो. १९९० नंतर बेरियम झिर्कोनेटच्या मुशी आल्या, तेव्हां शुद्ध स्फटिक मिळूं लागले. तरी काम संपत नाहीं. नव्या स्फटिकांत प्राणवायू कमी असतो. प्राणवायूच्या प्रवाहांत सुमारें ४५० ते ५०० अंशांवर तो कित्येक दिवस ठेवावा लागतो. इथं घाई केली कीं आधींची सारी मेहनत वाया.

इतका खटाटोप कशाला? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९९४ सालीं इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणांत अतिसंवाहकता सांपडली. तिथंच २०१६ सालीं बिस्मथच्या अतिशुद्ध स्फटिकांत ती निरपेक्ष शून्याच्या अगदीं जवळ दिसली. शांघायच्या संशोधकांनीं २०१९ सालीं बिस्मथयुक्त अतिसंवाहकाचा स्फटिक अभ्रकासारखा सोलून एकच थर तपासला. तो जाड स्फटिकाइतक्याच तपमानावर अतिसंवाहक ठरला.

तांब्याच्या या संयुगांत हें घडतं कसं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाहीं. तें व्हायचं तर नमुना निर्दोष हवा. आपला कारागीर धातु ओतण्यापूर्वीं मूस निरखतो; प्रयोगशाळेंतही तीच नजर लागते.