गड्डा, एस्सेलवर्ल्ड आणि राहिलेली सहल

मी जेऊरचा. करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेलाइनवरचं जेऊर. सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. आज बोलायचंय अम्युझमेंट पार्कबद्दल. ती कशी बदलतात, आणि काही टिकतात तर काही बंद का पडतात.

सुरुवात घरापासून करतो. मी नववीत असताना शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला निघाली. बाराशे रुपये भरायचे होते. त्या वर्षी उसाचं बिल अडकलेलं. आप्पा म्हणाले, "पुढच्या वर्षी जा की." पुढच्या वर्षी दहावी आली, मग बारावी, मग इंजिनिअरिंग. नोकरी लागल्यावर ठरवलं की आता आप्पांनाच घेऊन जायचं. तिकीट बघायला बसलो तर कळलं, एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्येच बंद झालंय.

मग मी त्याचा इतिहास वाचत बसलो. १९८९ मध्ये मुंबईत गोराईला ते सुरू झालं. मार्व्याहून बोटीनं खाडी ओलांडून जायचं. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं, २०१८ मध्ये पक्ष्यांचं पार्क. म्हणजे राइड जुन्या होत गेल्या तशी आजूबाजूला नवी भर पडत गेली. पण शेवटी मूळ पार्कच बंद झालं. वॉटर किंगडम मात्र चालू राहिलं. मला वाटतं, पाण्यात उतरायला दर उन्हाळ्यात नवं कारण लागत नाही. पण तीच राइड तिसऱ्यांदा बसायला लागतं.

खोपोलीच्या इमॅजिकाचंही असंच बघा. २०१३ मध्ये थीम पार्क, २०१४ मध्ये वॉटर पार्क, २०१५ मध्ये हॉटेल, २०१६ मध्ये स्नो पार्क. दरवर्षी काहीतरी नवं. कारण एका दिवसाच्या तिकिटावर एवढा पसारा भागत नाही. माणूस मुक्कामाला राहिला पाहिजे, आत जेवला पाहिजे. तरी कर्जाचा डोंगर झालाच, आणि २०२२ मध्ये पार्क मालपाणी समूहाकडे गेलं.

ऑफिसच्या टीमबरोबर मी तिथं गेलो होतो. माझं लक्ष राइडपेक्षा रस्त्यांवर जास्त. आमच्या कामात लोड बॅलन्सिंग म्हणतात, म्हणजे सगळा भार एकाच सर्व्हरवर पडू द्यायचा नाही. पार्कमध्येही तेच करतात. मोठं आकर्षण दाराशी ठेवत नाहीत, लांब पण दिसेल असं ठेवतात. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा दारातून आत आलं की सरळ रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसायचा. लोक त्याच्याकडे चालत जातात, आणि वाटेत दुकानं लागतात.

हे वाचलं आणि मला सोलापूरचा गड्डा आठवला. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, तेव्हा होम मैदानावर भरते ती जत्रा म्हणजे गड्डा. तिथंही आकाशपाळणा लांबून दिसतो. आपण त्याच्याकडे निघतो, आणि वाटेत खेळणी, बांगड्या, भजी. नकाशा कुणी इंजिनिअरनं काढलेला नाही, पण लॉजिक तेच.

यंदा जानेवारीत आप्पांना घेऊन पॅसेंजरनं सोलापूरला गेलो. त्यांनी लहानपणी हातानं फिरवायचा लाकडी पाळणा बघितलेला. माझ्या लहानपणी मौत का कुआँ होता. आता ब्रेक डान्स, टोराटोरा, लायटिंग. खाण्यात चुरमुरे, भजी आहेतच, पण शेजारी मंचुरियन आलंय, मोमो आलेत. आप्पांनी मोमो खाल्ला आणि म्हणाले, "हे तर उकडलेलं कानवलं."

पण गड्डा गड्डाच वाटत होता. कारण लोक पाळण्यासाठी येत नाहीत. येतात नंदीध्वजांसाठी, अक्षता सोहळ्यासाठी, आणि आलोच आहोत तर पोराला पाळण्यात बसवतात. पाळणा बदलला तरी येणं बदलत नाही. २०२१ मध्ये कोरोनामुळं गड्डा भरला नाही, तरी धार्मिक विधी मोजक्या माणसांत झाले, आणि पुढं जत्रा पुन्हा उभी राहिली. पार्कचं उलटं आहे. तिथं राइड हेच येण्याचं कारण. ती जुनी झाली की कारणच संपतं. नवी आणायला कोटी लागतात, आणि ते कोटी तिकिटात येतात. मग आमच्यासारख्या घरातलं पोरगं आणखी एक वर्ष थांबतं.

म्हणून मला गड्ड्यातला फिरता पाळणावाला महत्त्वाचा वाटतो. तो मशीन उचलून गावोगाव नेतो. लोकांनी त्याच्याकडे जायचं नसतं, तोच लोकांकडे येतो. त्याच्या मशीनची तपासणी नीट झालीच पाहिजे, त्यात सूट नको. पण तो टिकला पाहिजे.

त्या रात्री आम्ही दोघं आकाशपाळण्यात बसलो. वर गेल्यावर आप्पांनी दांडी घट्ट धरली आणि म्हणाले, "ती सहल बाराशेची होती ना?" मी त्यांच्यापुढं हा विषय कधीच काढला नव्हता.

मी म्हणालो, "आता काय त्याचं, आप्पा."

मंडळी, घरातल्या कुणाला कुठं न्यायचं ठरवलं असेल, तर याच वर्षी न्या. आप्पांना मी आता उन्हाळ्यात खोपोलीला नेतोय, तिकिटं काढलीत. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.