योबेल वर्ष आणि कर्जाचें ओझें

(ज्युबिली-समारंभाच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल दिवशीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, हा मी माझा बहुमान समजतों. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास माझ्याहून जाणत्या वक्त्यांनीं सांगितलाच आहे. त्याची पुनरुक्ति मी करीत नाहीं. मला बोलावयाचें आहे तें पैशाविषयीं. देवळाच्या उत्सवांत पैशाची कथा कशाला, असें कोणाच्या मनांत येईल. परंतु ज्या शब्दानें आपण आजचा उत्सव ओळखतों, त्या शब्दाचा संबंध मुळांतच जमिनीशीं आणि कर्जाशीं आहे.

लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत योबेल वर्षाचा नियम सांगितला आहे. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, हातची गेलेली वडिलार्जित जमीन मूळ घराण्यास परत मिळावी, आणि दारिद्र्यापायीं ज्यानें स्वतःला दुसऱ्याच्या चाकरींत विकलें त्यानें मोकळें होऊन आपल्या माणसांत जावें, असा तो नियम. म्हणजे ज्युबिली हा जुना हिशेब पुन्हा तपासण्याचा दिवस होय. ह्याच अर्थानें बारामती आणि इंदापूर ह्या आपल्या दोन तालुक्यांचा हिशेब आज आपणांपुढें मांडावा, असें मीं योजिलें आहे. गरिबाच्या उद्धारास पैसा लागतो, हें सर्वांस मान्य आहे. परंतु पैसा किती आला ह्याहून तो कोणत्या अटीवर आला, आणि त्या अटी ठरवितांना गरिबाला कोणीं विचारलें काय, ह्यावरच पुढचें सारें अवलंबून असतें. आपल्या भागाचा दीडशें वर्षांचा अनुभव हेंच सांगतो.

आरंभ सुप्यापासून करूं. सुपें हें आपल्याच बारामती तालुक्यांतील बाजाराचें गांव. १२ मे १८७५ रोजीं तेथें बाजारास जमलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर. ते कागद त्यांनीं जाळून टाकिले. तेथून हें लोण पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पोहोंचलें. इतिहासांत ह्यांस दख्खनचे दंगे म्हणतात. माणसांच्या जिवावर फारसा कोणीं हात टाकिला नाहीं. राग होता तो कागदावर.

हा राग एका दिवसांत सांठला नव्हता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ पर्यंत कापसास कधीं नव्हे असा भाव आला, आणि सावकारानें हात सैल सोडिला. युद्ध संपतांच भाव कोसळले. कर्ज मात्र तसेंच राहिलें. त्यांतच सरकारी साऱ्याची भर पडली. इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या अधिकाऱ्यांनीं १८३६ च्या सुमारास ठरविलेल्या आकारणीची तीस वर्षांची मुदत संपली, आणि १८६७ सालच्या नव्या आकारणींत सारा एकदम वाढला. सारा रोखीनें आणि मुदतींत द्यावयाचा. पीक हातीं येवो न येवो. तो भरण्यास सावकाराच्या ओट्यावर जावयाचें, आणि वाचतां न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवावयाचा. तेव्हां दोष एकट्या सावकाराचा नव्हता. मुंबईचा व्यापारी, साऱ्याचा अधिकारी आणि गांवचा सावकार ह्या तिघांनीं आपापल्या सोयीचे नियम केले. शेतकऱ्याकडे फक्त अंगठा राहिला.

पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला. कोर्टानें रोख्यावरचा आंकडा डोळे झांकून न स्वीकारतां मूळ व्यवहार तपासावा, आणि कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत घालूं नये, असें त्यांत ठरलें. हा मोठाच दिलासा होता. परंतु कायदा जुलूम आवरूं शकतो. पेरणीच्या वेळीं बियाण्यास पैसा देऊं शकत नाहीं. तो कोठून आणावा, हा प्रश्न तसाच राहिला.

ह्यापुढचा अध्याय पाण्याचा. १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ येऊन गेला होता. भाटघर येथें धरण बांधून नीरेचा डावा कालवा काढण्यांत आला, आणि १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी ह्या बाजूस खेळूं लागलें. पाणी आलें, परंतु त्याच्यासवें भांडवल आलें नाहीं. ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्यास पाणीपट्टी भरून पाणी घेणें परवडेना. ऊंसास पाणी हवें खरें, पण ऊंस वर्षाहून अधिक काळ शेतांत उभा राहतो, आणि बेणें, पेंड, बैल व मजुरी ह्यांचा खर्च आधीं करावा लागतो. सासवडचे माळी ह्या कालव्यावर आले आणि त्यांनीं ऊंसाची शेती वाढविली. तरी गुळाच्या अडतीवर काढलेलें कर्ज आणि गुळाचा भाव हीं दोन्हीं अडत्याच्याच हातीं राहत.

हा फांस सैल केला तो सहकारानें. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. १९११ सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास ह्यांनीं मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक काढली, आणि ह्या बँकेनें नीरा कालव्यावरील सोसायट्यांस ऊंसासाठीं कर्जें दिलीं. जर्मनींत रायफायझेन ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांत खेड्यांच्या पतपेढ्या काढल्या होत्या. तेंच हें तत्त्व. एकट्या गरिबाची पत नसते, पण दहा गरीब एकमेकांस जामीन राहिले म्हणजे पत उभी राहते. शेजारी शेजाऱ्यास ओळखतो. कोण कष्टाळू आणि कोण उधळ्या हें त्यास बँकेच्या अधिकाऱ्याहून चांगलें ठाऊक असतें.

तथापि ह्या यशाचें माप नीट घेतलें पाहिजे. १९५१-५२ सालीं देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी झाली. शेतकरी जें कर्ज काढीत होता, त्यांतील शंभर रुपयांपैकीं अवघे तीन रुपये सहकारी संस्थांकडून येत. सुमारें सत्तर रुपये सावकारांकडून. अर्धशतकाच्या सहकाराचा हा हिशेब. त्या समितींत आपले धनंजयराव गाडगीळ होते. ह्यापुढें सरकारनें सहकारी संस्थांत स्वतः भागीदार व्हावें, अशी त्या समितीची शिफारस होती, आणि तिच्या छायेंतच महाराष्ट्रांतील सहकारी साखर कारखाने वाढले. प्रवरानगरचा कारखाना आधींच उभा राहिला होता. त्यामागोमाग ह्या भागांत माळेगांव आणि भवानीनगर येथील कारखाने आले. इंदापूर तालुक्यांत वालचंद हिराचंद ह्यांनीं १९३० च्या दशकांत खाजगी भांडवलाचें वालचंदनगर उभारलें होतें. आतां शेतकरी स्वतःच कारखान्याचा धनी झाला. हें लहान काम नव्हे.

परंतु बंधुभगिनींनो, आजच्या दिवशीं फक्त जमेची बाजू वाचणें योग्य होणार नाहीं. पाणी उताराकडे जातें, आणि पैसा पाण्याकडे जातो. कालव्याखालच्या जमिनीस बँक दारीं येऊन कर्ज देते. कालव्यावरच्या माळास ती ओळखत नाहीं. आपल्या तालुक्याचा जिराईत पट्टा पाहा. मोरगांव, लोणी भापकर आणि तेंच सुपें, जेथें रोखे जळाले, नीरा कालव्याच्या पाण्याबाहेर राहिलें. पुढें जनाई-शिरसाई उपसा योजना झाली. पण उपशाचें पाणी विजेच्या बिलानें येतें, उतारानें येत नाहीं. खालीं इंदापुराकडे कालव्याच्या शेवटास पाणी उशिरां आणि थोडें पोहोंचतें. आणि उजनी धरणाची गोष्टही विसरतां येत नाहीं. १९८० सालीं तें पूर्ण झालें. भीमेच्या कांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ वर डोकावतें. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनींही ह्या विकासाचा खर्च उचलला; त्यांचा वांटा कोणत्याच ताळेबंदांत दिसत नाहीं.

कोरड्या माळाकडे पैसा वळविण्याचे कांहीं चांगले यत्न झाले, तेही सांगितले पाहिजेत. साठच्या दशकाच्या अखेरीस बारामती भागांत कासा ह्या प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांच्या संस्थेनें कामाच्या मोबदल्यांत धान्य दिलें, आणि त्यांतून पाझर तलाव झाले. पुढें १९७१ सालीं बारामतीस कृषिविकासाचा विश्वस्त निधि स्थापन झाला. शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आपल्या ख्रिस्तसभेचे स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर ह्यांनीं पाणलोटाचें काम उभें केलें. जर्मनीचा निधि आणि नाबार्डची व्यवस्था असली तरी गांवानें आधीं श्रमदान करावें, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतः ठरवावी, मगच पैसा यावा, असा त्या कामाचा कटाक्ष होता. फादर बाखर २०२१ सालीं प्रभूच्या घरीं गेले.

ह्या सर्वांत मला विशेष वाटते ती रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळांत लाखों माणसें खडी फोडण्यास आलीं. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतून महाराष्ट्रानें कामाचा हक्क मान्य केला. १९७७ सालीं कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. त्यासाठीं पैसा कोठून आणिला? शहरांतील पगारदार आणि व्यावसायिक ह्यांच्यावर व्यवसाय-कर बसविला, आणि तितकीच भर सरकारनें घातली. मुंबईच्या कारकुनाच्या पगारांतील कांहीं रुपये अशा रीतीनें दुष्काळी गांवच्या मजूर बाईच्या हातीं पडले. तें तिच्या डोक्यावर कर्ज नव्हतें, आणि ती भीकही नव्हती. कायद्यानें तिला मिळालेला हक्क होता.

आतां हीच गोष्ट जगाच्या मापानें पाहा. २०१५ सालीं सर्व राष्ट्रांनीं २०३० पर्यंत दारिद्र्य नाहींसें करण्यासह सतरा ध्येयें मान्य केलीं. २०२५ च्या जून-जुलैमध्यें स्पेनमधील सेव्हिल येथें त्यांच्या खर्चाचा विचार करण्यास परिषद भरली, तेव्हां दरवर्षीं सुमारें चार लाख कोटी डॉलर कमी पडतात असें सांगण्यांत आलें. त्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेनें दाखवून दिलें कीं जगांतील सुमारें ३४० कोटी माणसें अशा देशांत राहतात, जेथें सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर करतें त्याहून अधिक खर्च कर्जाच्या व्याजावर करतें. हें ऐकतांना मला सुप्याचा बाजार आठवतो. अंगठा उठविणारा तेथें शेतकरी होता; येथें देश आहे. २०२५ च्या ज्युबिली-वर्षासाठीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं श्रीमंत राष्ट्रांस गरीब राष्ट्रांचीं कर्जें माफ करण्याची विनंति केली होती, ती ह्याच जुन्या योबेलच्या आधारानें.

परंतु सेव्हिल दूर आहे. आपल्या देवळाच्या पलीकडे ऊंसाचें शेत आहे. गेल्या हंगामांत तोडीच्या फडाजवळच्या कोप्यांत मी एका बाईशीं बोललों. नवराबायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीनंतर गांव सोडून आलेलीं. मीं विचारलें, उचल किती घेतली? तिनें आंकडा सांगितला नाहीं. ती म्हणाली, “मागच्या सालची फिटली नव्हती, म्हणून ह्या साली पुन्हा आलों.” मुकादमाची ही उचल हंगामापूर्वी घ्यावयाची, मजुरींतून फेडावयाची, आणि न फिटली तर पुढच्या हंगामास बांधून घ्यावयाचें. कारखाना सहकारी, बँक सहकारी, पाणी सरकारी. पण ज्या हातांनीं ऊंस तोडला, त्यांस अजून १८७५ चाच रोखा. त्यांचा मुलगा शाळेच्या वेळीं वाढें गोळा करीत होता. ज्या लेवीय पुस्तकावर आपण ज्युबिली साजरी करतों, तें ह्याच माणसांविषयीं बोलत आहे.

म्हणून मी तीन नम्र सूचना करतों. पहिली, आजच्या ज्युबिली-निधीचा एक भाग इमारत आणि रोषणाई ह्यांतून वगळून फिरत्या निधीसाठीं ठेवावा. भूमिहीन, विधवा आणि आजारानें गांजलेल्या घरांस त्यांतून अल्प व्याजानें कर्ज मिळावें; धर्म किंवा जात विचारूं नये. दुसरी, त्या निधीच्या पंचांत कर्ज घेणाऱ्यांचेच प्रतिनिधि निम्मे असावेत, त्यांत स्त्रिया असाव्यात, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं हिशेब सर्वांपुढें मोठ्यानें वाचावा. ज्यास वाचतां येत नाहीं त्यासही आपला आंकडा ऐकूं आला पाहिजे. सुप्याच्या शेतकऱ्यास तो ऐकूं आला असता, तर त्यानें कागद जाळला नसता. तिसरी, आपणांपैकीं जे ऊंस लावतात आणि कारखान्याचे सभासद आहेत, त्यांनीं वार्षिक सभेंत एकच प्रश्न विचारावा: आमच्या फडांतील कोयत्यावर उचल किती, आणि ती ह्या हंगामांत फिटणार काय?

ह्या लहान निधीनें जगाचें दारिद्र्य हटणार नाहीं, हें मी जाणतों. पण नीरेवरची पहिली सोसायटीही लहानच होती. शिंग फुंकण्याचें काम आज आपल्या वांट्यास आलें आहे. त्याचा आवाज कोप्यांपर्यंत पोहोंचावा, आणि पुढच्या ज्युबिलीस ती बाई कर्ज फिटलेली पाहुणी म्हणून आपल्या पंक्तीस बसावी, एवढीच परमेश्वराच्या चरणीं प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.