तिथं बघायला कोण आहे?

मावश्यांनो, काकूंनो आणि माझ्याबरोबरीच्या तायांनो, मी जत तालुक्यातली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्रात एम. ए. केलं, दोन वर्षं तिथल्या मुलींच्या वसतिगृहात राहिले. रेडिओच्या ताईंनी बोलवलं तेव्हा एकच अट घातली. म्हणाल्या, "कोर्सची यादी वाचू नकोस, ती मोबाइलवर मिळते. तिथली माणसं सांग."

त्यांना हे का हवं होतं ते मला माहीत आहे. आपल्या गटांत या वर्षी बी. ए. झालेल्या सात-आठ पोरी तरी आहेत. त्यांच्या आया फी किती, असं नंतर विचारतात. आधी विचारतात, "तिथं बघायला कोण आहे?" म्हणून आज मला ज्यांनी बघितलं, त्यांच्याबद्दल बोलते. नावं घेणार नाही, कारण त्यांना ते आवडायचं नाही. विषयावरून सांगते.

पहिल्या आमच्या अर्थशास्त्राच्या मॅडम. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गात विचारलं, "कुणाच्या घरी बचत गटाचं पासबुक आहे?" चाळीसातल्या निम्म्या मुलींचे हात वर गेले. मॅडम म्हणाल्या, सुट्टीला गेलात की हिशेब उतरवून आणा. मी आईच्या गटाचा आणला. दहा हजार कर्ज, महिना दोन टक्के, दहा हप्ते. मॅडमनी तो फळ्यावर मांडला, आणि शेजारी दारात येणाऱ्या एका कंपनीचा कागद मांडला. तिथंही दहा हजार, तेच दोन टक्के, तेच दहा हप्ते.

आता हातात कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या. आपल्या गटात पहिल्या महिन्याला व्याज दोनशे. हजार रुपये मुद्दल फिटलं, म्हणून दुसऱ्या महिन्याला नऊ हजारांवर एकशेऐंशी. मग एकशेसाठ. असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याला वीस रुपये. सगळं मिळून व्याज ११०० रुपये. त्या कागदावर मात्र दहाही महिने दोनशे-दोनशेच. म्हणजे २००० रुपये. मुद्दल फिटत चाललं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच. नऊशे रुपयांचा फरक पडला, आणि दोन्हीकडे बोलायला 'दोनच टक्के'. आपल्या पद्धतीनं मोजलं तर त्या कागदाचा खरा दर महिन्याला जवळजवळ साडेतीन टक्के पडतो.

मॅडमनी एक प्रश्न पाठ करून घेतला: "व्याज मूळ रकमेवर लावता की शिल्लक रकमेवर?" सही करायच्या आधी एवढं विचारायचं, आणि उत्तर कागदावर लिहून मागायचं. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई गप्प बसली. मग म्हणाली, "हे त्या पोरीनं सांगितलं?" आमच्या मॅडम पन्नाशीच्या आहेत, पण आईला कुठलीही शिकवणारी बाई पोरगीच वाटते.

या मॅडमची दुसरी गोष्ट म्हणजे पेपर. चाचणीचा पेपर तपासून आठवड्याच्या आत हातात. कडेला लाल शाईनं लिहिलेलं असायचं, इथं उदाहरण दे, हे वाक्य तुझं नाही, पुस्तकातलं आहे. एम. ए.ला येईपर्यंत माझा एकही पेपर मला परत मिळाला नव्हता. नुसते मार्क कळायचे.

दुसरे इतिहासाचे सर. आमचा विषय वेगळा, पण ते मोडी शिकवायचे, आणि कुणीही येऊन बसलं तरी चालायचं. मी मैत्रिणीबरोबर गंमत म्हणून गेले आणि सहा महिने टिकले. मोडीत अक्षरं एकमेकांत गुंतलेली, हात न उचलता लिहिलेली. पहिला महिना नुसत्या मुंग्या दिसतात. मग एके दिवशी एक ओळ वाचता येते, आणि अंगावर काटा येतो, कारण त्या ओळीत कुणाच्या तरी विहिरीची वाटणी असते. आपल्याकडच्या कितीतरी घरांत पत्र्याच्या पेटीत असे कागद पडून आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना केवढी मागणी आली, ते तुम्ही बातम्यांत ऐकलंच असेल. बी. ए. झालेल्या मुलीनं घरबसल्या चार पैसे मिळवायला ही विद्या वाईट नाही, असं माझं मत.

याच सरांनी आम्हाला कोल्हापूरच्या बायकांचा इतिहास सांगितला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, एवढं आपण शाळेत शिकतो. पण संस्थानातल्या मुलींच्या शाळांवर देखरेख करायला रखमाबाई केळवकर होत्या, आणि त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली, हे मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. महाराजांचा धाकटा मुलगा १९१८ साली वारला. मागं राहिलेल्या लहान वयाच्या सुनेला, इंदुमतीदेवींना, त्यांनी शिकवायचं ठरवलं, आणि घरच्यांचा विरोध असतानाही ते केलं. सर हे सांगताना आवाज चढवायचे नाहीत. सांगून झालं की विचारायचे, "तुमच्या गावात पहिली मॅट्रिक झालेली बाई कोण? जाऊन विचारा." आमच्या गावातलं नाव मी शोधून काढलं. त्या आजी अजून आहेत, आणि ताईंनी मनावर घेतलं तर या रेडिओवर त्यांना आणता येईल.

तिसरे भूगोलाचे सर. त्यांच्या वर्गात मी कधी बसले नाही, पण सकाळी फिरायला आले की जो भेटेल त्याला शिकवायचे. विद्यापीठ १९६२ साली निघालं ते सागरमाळावर. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. त्या वेळी तिथं नुसता उघडा माळ होता. आज झाडी आहे, तळी आहेत, विहिरी आहेत, आणि पहाटे मोर एवढे ओरडतात की गजर लावायची गरज नाही. जतच्या मुलीला कोल्हापूरचा पाऊस म्हणजे नवलच. आठ-आठ दिवस कपडे वाळायचे नाहीत, आणि मला त्याचाही आनंद! सर तळ्याच्या बांधावर उभं करून दाखवायचे की उतारावरचं पाणी इथं अडतं, जिरतं, आणि खालच्या विहिरीला लागतं. २०१९च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, तेव्हा इथल्या पाण्याचे टँकर शहरात गेले. ज्या माळावर काही नव्हतं, त्यानं नदीकाठच्या शहराला पाणी पाजलं. आपल्या तालुक्यात बांध घालायचं काम निघालं की मला तेच तळं दिसतं.

आता मुलीला पाठवायची तर शिक्षक कसे निवडायचे? प्रवेशाआधी एक दिवस जाऊन या. बापाला वेळ नसेल तर दोघी-तिघी आयांनी मिळून जा. विभागात शिकणाऱ्या मुलींना बाजूला घेऊन विचारा: पेपर तपासून परत मिळतात का? तास नियमित होतात का? शंका विचारली तर रागावतात का? फलकावरचं छापील काही वाचत बसू नका. एक कागद मात्र जरूर वाचा, अंतर्गत तक्रार समितीचा. २०१३च्या कायद्यानं अशी समिती असायलाच लागते. कुणी त्रास दिला तर तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते, आणि ती लिहायला मदत मागता येते. मुलीला समितीतल्या बाईंचा नंबर जायच्या दिवशीच फोनमध्ये घालून द्या. माझ्या आईनं हेच केलं. मला तो कधी लागला नाही, पण आईला झोप लागली.

पैशाचं थोडक्यात सांगते. २०२४-२५ पासून शासनानं ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांना आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट अशी की घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत पाहिजे. एम. ए.सारख्या अभ्यासक्रमाला ही माफी धरून चालू नका, विभागात विचारा. आणि माफी मिळाली तरी राहणं-जेवण उरतंच. खरा खर्च तोच. त्यासाठी 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी करा. रोज काही तास काम करायचं आणि शिकायचं. माझी खोलीतली सोबतीण अशीच शिकली. ती संध्याकाळी दमून यायची, आणि आम्ही दोघी माझ्या घरच्या बाजरीच्या कडक भाकरी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचो. आता ती बँकेत आहे. तिच्या पहिल्या पगाराची साडी तिच्या आईनं अजून घडी मोडलेली नाही, म्हणून ती चिडते.

ज्यांच्या मुलींना अर्ज भरायचाय त्यांनी बी. ए.च्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला एका पिशवीत काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला जुना असेल तर आत्ताच तहसीलला नवा काढायला टाका, त्याला वेळ लागतो. मी पुढचे दोन रविवार घरी आहे. दुपारी जेवणं उरकली की या, मुलींनाही घेऊन या.