इंजिनात अडकलेली तांब्याची चकती
(लालबर्रा येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



वैनगंगेच्या काठचा हा सारा मुलूख धानाचा आहे. वरच्या अंगाला आपला बालाघाट, खालच्या अंगाला गोंदिया आणि भंडारा. १९५६ साली मध्ये राज्याची सीमा आली, परंतु नदी एक आणि शेतकऱ्याची चिंताही एकच राहिली. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपणां सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. परंतु धान पोटरीवर आला असता पावसाने ओढ दिली, तर कोणतेही मानांकन त्याला वाचवू शकत नाही. त्या दिवसांत पाण्याचा ताण पडला की दाणा पोचट राहतो. मागाहून कितीही पाणी दिले तरी तो भरत नाही. वीजपंप आता पुष्कळ झाले आहेत. तरीही जेथे तारा पोचल्या नाहीत, किंवा ऐन वेळी वीज जाते, तेथे नाल्याकाठचे डिझेल इंजिनच उपयोगी पडते.

हे यंत्र आपल्याला परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि शेतीच्या लोखंडी अवजारांना चालना दिली. त्याच घराण्याने १९४६ साली पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. तेव्हापासून ५ अश्वशक्तीचे इंजिन शेतकऱ्याच्या घरचेच एक माणूस होऊन बसले आहे. आज मला त्यातील एका अगदी क्षुल्लक वस्तूविषयी बोलावयाचे आहे. ती म्हणजे नॉझलच्या खाली बसणारी तांब्याची चकती, म्हणजेच आपला वॉशर.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा दाबून सुमारे सोळा-सतरावा हिस्सा केली की ती इतकी तापते, की नॉझलमधून आलेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या चार ठोक्यांच्या इंजिनात ही क्रिया मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे तासाला ४५,००० वेळा घडते. तो सारा दाब आणि सारी आच नॉझलच्या बाजूने बाहेर निसटू न देणे, हे त्या चकतीचे काम. तांबे मऊ असल्यामुळे नट आवळले की ते दबून फट बुजवते. चकती निकामी झाली की नॉझलपाशी फुसफुस ऐकू येते, काळा ओलसर थर जमतो आणि इंजिन सुरू होण्यास कुरकुरते.

मग नॉझल काढले जाते. परंतु चकती पुष्कळदा हेडच्या खोबणीतच राहते. दबून ती कडेला घट्ट बसलेली असते आणि निसटलेल्या धुराची काजळी तिला डिंकासारखी चिकटवते. येथेच घाई नडते. कोणी छिन्नी लावून हातोडा मारतो आणि खोबणीच्या बैठकीला चरा पडतो. त्या चऱ्यातून दाब सुटतच राहतो आणि चार पैशांच्या चकतीपायी हेड बदलण्याची पाळी येते. कोणी जुन्या चकतीवरच नवी चकती बसवतो. त्यामुळे नॉझल वर उचलले जाते, फवारा चुकीच्या जागी पडतो, धूर वाढतो आणि तेल जास्त जळते.

योग्य रीत सोपी आहे. डिझेलचा कॉक बंद करावा. नॉझल काढण्यापूर्वीच सभोवतालची माती पुसून घ्यावी. ते काढल्यावर उघड्या नळ्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने झाकावी. चकती नॉझललाच चिकटून आली आहे काय, ते आधी पाहावे. नसल्यास विजेरीने खोबणीत पाहावे आणि नवी चकती शेजारी धरून खात्री करावी, म्हणजे हेडची बैठक हीच चकती समजून खरवडली जाणार नाही. पिस्टन वरच्या टोकाला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद, अशा स्थितीत इंजिन ठेवावे; मग पडलेला कचरा पिस्टनच्या माथ्यावरच राहतो. चकतीच्या कडेला थोडे गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबावे.

सकाळी सायकलच्या चाकाचा जुना आरा टोकाशी किंचित वाकवून, चकतीची कड आळीपाळीने चारही बाजूंनी उचलावी. लोहचुंबकाचा येथे उपयोग नाही. तांबे त्याला ओढले जात नाही. आकड्याने न निघाल्यास चकतीच्या भोकाहून किंचित मोठा, आटे पाडण्याचा टॅप घ्यावा. त्याला ग्रीस फासून एक-दोन फेरेच हलक्या हाताने फिरवावे. मऊ तांब्यात तो धरतो, कीस ग्रीसला चिकटतो आणि फिरवत वर ओढले की चकती बाहेर येते. तरीही न निघाल्यास हेड उतरवून मिस्त्रीकडे न्यावे. तेलाने भिजलेल्या जागी दिवटी लावून तापवू नये.

नंतर काडीला फडके गुंडाळून बैठक चकचकीत पुसावी. तोंड बाजूला ठेवून आणि हँडल मारून दोन-चार फेरे द्यावेत, म्हणजे आतला कीस हवेबरोबर उडून जाईल. नवी चकती त्याच जाडीची हवी. नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावे. आणखी एक इशारा. नॉझलचा फवारा तपासताना हात समोर धरू नये. तो कातडीत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली आणि दुखली नाही, तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.

शिक्षक मित्रांनो, तांबे लालबुंद तापवले की मऊ होते, हा प्रयोग वर्गात दाखवण्याजोगा आहे. त्याचा उपयोग मुले आपल्या शेतावरच पाहतील. अधिकारी बंधूंनी शेतकरी मेळाव्यांत खते-बियाण्यांबरोबर पाच मिनिटे इंजिनालाही द्यावीत.

आणि शेतकरी बंधूंनो, पावसाळाभर उभे राहिलेले इंजिन गरज पडण्याआधी, सवडीच्या दिवशी उघडून पाहावे. योग्य मापाच्या दोन चकत्या घरी ठेवाव्यात. धानाला पाणी हवे असेल त्या दिवशी चकती भिजत घालण्यास रात्र मिळत नाही.